थांग

बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत विहिरी उपसायला एकच गृहस्थ येत. कैक पिढ्या बेंगळूरात मुरलेले मराठी; सगळे त्यांना अण्णा म्हणत. चपला लांब काढून ते काठाशी यायचे, खांद्यावरचा गाठींचा दोर आत सोडायचे आणि खालचं वजन टेकलं की गाठी मोजून कन्नड वळणानं म्हणायचे, "सरी, ठीक, थांग लागला."

थांग म्हणजे तळ, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पुण्याहून आलेल्या मला कवितेतला 'अथांग' तेवढा ठाऊक. अण्णांना तो शब्द मुळीच आवडत नसे. "थांग असतोच हो. दोर पुरला नाही, की लोक अथांग म्हणून मोकळे होतात."

नव्वदनंतर गल्लीत मजले चढू लागले. आमच्या घरमालकांनीही विहीर बुजवायची ठरवली आणि किती लॉरी माती लागेल, ते अण्णांना विचारलं. अण्णांनी दोर सोडला. बऱ्याच वेळानं ते कन्नडमध्ये म्हणाले, तळ लागत नाही, टाकाल ती माती फुकट जाईल. मालक विचारात पडून घरात गेले.

"खरंच, अण्णा?" मी विचारलं.

"अथांग आहे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

दोराचे चार वेढे अजून त्यांच्या खांद्यावरच होते.