बुटक्या गाडीचं माप

मास्तर शिंपी होते, आणि टेप लावल्याशिवाय कुठलीही वस्तू त्यांना खरी वाटत नसे. धाकटा मेहुणा परदेशी निघाला तेव्हा आपली लाल गाडी बहिणीच्या गळ्यात मारून गेला. गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बसकण मारायची आणि उतरायचं म्हणजे रांगत बाहेर यायचं. बहिणीने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, हट्टाने त्याच गाडीवर शिकायला घेतलं. परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसरी शनिवारी होती, आणि शिकाऊ लायसन्सची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

"या खेपेला नाही जमलं तर गाडी विकून टाकीन," तिने सांगून टाकलं, "आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही."

गुरुवारी पुढचं चाक बसलं. पंक्चरवाला आला, वाकला, पण त्याचा जॅक गाडीखाली शिरेना. "गाडी आहे की पायपुसणं?" असं विचारून तो चालता झाला. स्टेपनी डिकीत होती, पाना घरात होता, अडलं होतं ते फक्त गाडी उचलण्यापाशी. मास्तरांना चेव चढला. घरच्या गाडीला परका हात कशाला, जॅक मीच आणतो, म्हणाले.

त्यांनी गाडीची मापं घेतली. मापायची होती खालची फट, पण सवय जाईना, म्हणून छाती आणि कंबरही घेतली. "सरळ उभी राहा," असं गाडीला दोनदा बजावलंसुद्धा.

दुकानदाराने चाकांवर ढकलायचे जॅक समोर मांडले. "मास्तर, वर किती जातो ते विचारू नका, वर सगळेच जातात. खाली किती बसतो ते बघा. फट केवढी आहे?"

मास्तरांनी आकडा सांगितला. मग लोखंड चिमटीत धरून विचारलं, "धुतल्यावर आटणार नाही ना?"

"अहो, जॅक आहे, सदरा नाही."

"बरं, ट्रायल?"

"गाडी घेऊन या."

"गाडी येण्यासारखी असती तर जॅक कशाला लागला असता?"

दुकानदाराने कपाळाला हात लावला. कोपऱ्यात एक अगदी चपटा जॅक होता. तो मास्तरांनी "फारच अंगालगत आहे" म्हणून नाकारला आणि त्याहून ऐसपैस असा एक दोन्ही हातांनी उचलून घरी आणला.

तो गाडीखाली गेला नाही. बरोबर दोन बोटांसाठी अडला. मास्तर पालथे पडून बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "गाडीने अंग धरलंय."

शुक्रवारी जॅकवाल्या दुकानाला सुट्टी, बदलून आणायची सोय नाही. मग मास्तर छिन्नी-हातोडा घेऊन पोर्चची फरशी खणायला बसले. जॅक लहान होत नाही, गाडी उंच होत नाही, तेव्हा घरालाच थोडं खाली घ्यायचं, असा त्यांचा हिशेब होता. ठोकाठोकी ऐकून बायको बाहेर आली.

"अहो, माप कसं घेतलंत?"

"नेहमीसारखंच. दोन बोटं सैल. माणूस पुढे भरतो ना."

"गाडी भरते?"

मास्तर छिन्नीवरची धूळ झटकू लागले.

"आणि माझं मापही सैलच धरता ना? परवा फोनवर वन्संना सांगत होतात, तिसऱ्यांदाही नाही जमलं तर बिघडत नाही म्हणून. ऐकलं मी. मला फार लागलं ते."

मास्तरांच्या हातातली छिन्नी खाली आली. बायकोची लाज राखावी एवढंच त्यांच्या मनात होतं, पण तिच्या तोंडून ते ऐकताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

ती आत गेली आणि कापड बेतायच्या टेबलावरची जाड फळी ओढत घेऊन आली. कितीतरी वर्षं त्या फळीवर कुणाला साधा पाण्याचा पेला ठेवायची मुभा नव्हती. तिने ती बसलेल्या चाकापुढे टाकली, गाडीत उतरली आणि इंजिन सुरू केलं.

"अगं, फळी!" मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

चाक हळूच फळीवर चढलं आणि पलीकडे न उतरता बरोबर मधोमध थांबलं. तिने हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. आता जॅक निमूटपणे आत गेला. मास्तरांनी दांडा मारला, चाक बदललं, आणि काळे हात पायजम्याला पुसले. स्वतःच शिवलेल्या पायजम्याला त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ती गाडीत बसली. आरसा नीट केला आणि काच खाली घेतली.

"होईन ना मी पास?"

गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे, बघू. तेच ओठांवर आलं होतं.

"होशील," ते म्हणाले. मग ते फाटक उघडायला गेले.