वन्सं कोर्टात बोलल्या तेव्हा

वन्संनी मला भर कोर्टात गप केलं.

आणि त्या तर जन्माच्या मुक्या!

वन्सं म्हणजे माझी नणंद, हिराबाई. आज त्यांना जाऊन वरीस झालं. मी चौथी नापास बाई, फोनला बोलून लिहितेय. चुकलं तर समजून घ्या.

वन्संना ऐकू यायचं नाय, बोलता यायचं नाय. शाळेत कोणी घातलंच नाय. पण घरात हाताची भाषा होती. मी लग्न होऊन टोकावड्याकडं आले तेव्हा सासूने भाकरी थापता थापता शिकवली.

वाकून हात खाली खुपसला की शेत.
चिमूट तोंडाशी नेली की तांदूळ.
बोटांची चोच उघडमीट केली की साळुंकी.

साळुंकी म्हणजे मी. दिवसभर कलकल करते म्हणून. आधी रुसले होते, मग सवय झाली.

सासऱ्यांनी भाताची दोन खाचरं वन्संच्या नावावर केलेली. त्यांचं लग्न नाय झालं, आधार पायजे म्हणून. सासरे गेल्यावर वन्संच्या चुलतभावाने त्यांना तालुक्याला नेऊन कागदावर अंगठा घेतला. खाचरं त्याची झाली!

म्हणे, "तिला विचारलं, तिने मान हलवली."

अहो, वन्सं सगळ्यांनाच मान हलवायच्या. एस्टीच्या कंडक्टरला पण.

केस लागली. खुणांची भाषा शिकवणारे एक सर कोर्टाने बोलावले. भला माणूस. पण त्यांची भाषा शाळेतली, आमची चुलीजवळची. वन्सं त्यांच्याकडे बघून नुसत्या हसल्या.

समोरचा वकील जज मॅडमना म्हणाला, "मॅडम, साक्षच होत नाही, तर पुढे काय?"

मी मागून उठले. "मला कळतं हो त्यांचं!"

मग सरांनी माझी परीक्षा घेतली. मी भिंतीकडे तोंड करायचं, ते वन्संना चित्र दाखवणार, मग मी वळले की वन्सं मला खूण करणार, मी सांगायचं. म्हैस, विळा, पाऊस. सगळं बरोबर. शाळेत असे मार्क कधी पडले नव्हते.

जज मॅडमनी शपथ दिली. "त्या सांगतील तेवढंच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही."

"नाय घालत."

मी हाताने त्या कागदाच्या दिवसाचं विचारलं. वन्संनी अंगठा तळहातावर टेकवला. चिमूट तोंडाशी नेली.

झालं, माझी गाडी सुटली. "मॅडम, त्या दिवशी यांच्या पायाला सूज, एस्टी चुकलेली, तो लबाड म्हणतो चल रेशनला, छत्री पण नाय दिली..."

वकील उठला. "त्यांनी दोन खुणा केल्या, आजींनी कीर्तन केलं!"

मॅडमचं पेन थांबलं. "आजी, असंच चाललं तर ही साक्ष मला लिहिता येणार नाही."

वन्संची खाचरं माझ्या तोंडापायी जाणार.

वन्संना ऐकू नाय आलं, पण थांबलेलं पेन दिसलं. माझ्याकडे वळल्या. बोटांची चोच केली आणि कचकन मिटली.

"याचा अर्थ काय?" मॅडमनी विचारलं.

शपथ घेतलेली. काय करणार?

"साळुंकी, गप बस."

"साळुंकी कोण?"

"मीच, मॅडम."

सगळं कोर्ट हसलं. मॅडमनी पेन उचललं. "हे मात्र आजींनी जसंच्या तसं सांगितलं. चला पुढे."

वन्संनी पुन्हा खुणा केल्या.

मी म्हटलं, "अंगठा. तांदूळ."

"आणि शेताचं काही सांगितलं होतं?"

मी हाताने विचारलं. वन्संनी वाकून हात खाली खुपसला, मग दोन्ही हात जोरात झटकले.

"शेत नाय."

एवढं कमी मी जन्मात बोलले नव्हते.

पुढे तो कागद रद्द झाला. शेवटपर्यंत वन्संनी स्वतःच्या खाचरात लावणी केली.

एक मात्र मनात राहिलं. दवाखान्यात, बाजारात, त्यांना न विचारता मीच बोलायची. भल्यासाठीच. पण त्यांच्या वाटचं बोलणं मी पण खात होते ना? ते कोर्टात कळलं.

आज नैवेद्याला त्याच खाचरातला भात शिजवला. चोच आठवून हसू आलं, तर सून डोळे वटारते. वर्षश्राद्धाला काय हसता म्हणून!

वन्सं, पोस्ट लांबली. दोन्ही हात जोडते, ते तुमाला कळेल.

साळुंकी गप बसते आता.