सकाळची गोळी

दर पौर्णिमेला मावशी पांढरी साडी नेसून विहारात जायची आणि अष्टशील घ्यायची. मग दुपारी बारानंतर अन्नाला हात नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. मावशी म्हणजे विठ्ठलवाडीतली माझी घरमालकीण. हिंगोलीकडून मी इथे आले तेव्हा सातवीत सुटलेली शाळा आणि उल्हासनगरात जीन्सचे धागे कापायचं काम, एवढंच माझ्यापाशी होतं. तिने खोली दिली. पहिल्याच आठवड्यात मी तापाने पडले, तेव्हा उशाशी बसून पेज भरवली. पुढे कधी आईची आठवण आली की मी तिच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहायचे. ती काही न विचारता लसूण सोलायला द्यायची.

तिला शुगर जुनी. अलीकडे किडनी कमजोर झाल्याचं रिपोर्टात आलं होतं. तिने मीठ कमी केलं, लोणचं बंद केलं. शुगरची गोळी मात्र जुन्याच चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळ चालू होती. आणि शुगर उतरत चालली होती. "कारल्याच्या रसाने जमवलं की नाही!" असं ती चाळभर सांगायची. मलाही बरं वाटायचं.

त्या पौर्णिमेला कारखान्याला सुट्टी होती. दिवेलागणीला तिच्याकडे गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, पांढरी साडी घामाने अंगाला चिकटलेली. मी हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?"

मी ओरडलेच. शेजारची काकू धावत आली, तिने साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने मावशी भानावर आली आणि ओशाळून हसली. "झालं, मोडलं माझं शील."

"मोडू दे ताई. तुम्ही धड राहिलात ना?" काकू म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, दवाखान्यात जाऊ."

"येडी आहेस का? इतकी वर्षं पाळतेय, कधी काही झालं नाही. आणि जेवायचं नव्हतं म्हणून संध्याकाळची गोळीपण नाही घेतली. मग आता उतरेल कशाने?"

मलाही तिचं बरोबरच वाटत होतं. सकाळची गोळी आपलं काम करून केव्हाच संपली असणार.

"हिचं काय ऐकता," काकू म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली तरी हिला धडकी भरते."

खरं आहे ते. पण ते "कोण पाहिजे" माझ्या कानातून जात नव्हतं. मला रडूच फुटलं. "माझ्यासाठी चल. तिथून परत पाठवलं तर वाटेल तेवढ्या शिव्या दे." माझ्या रडण्याला वैतागून मावशी उठली.

रिक्षात आधी ती मला बोलतच होती. मग तिचे शब्द लांबत गेले आणि मान माझ्या खांद्यावर पडली. पुन्हा तोच गार घाम.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी ग्लुकोजचं सलाईन लावलं, तिच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "अंगात गेलेलं औषध किडनी हळूहळू बाहेर टाकते. यांची किडनी मंद झालीय. सकाळची गोळी अजून अंगात आहे, कदाचित कालचीही. साखर दिली की या वर येतील, गोळी पुन्हा खाली ओढेल. म्हणून आज घरी सोडत नाही."

"मग शुगर सुधारत होती ती?"

"सुधारत नव्हती. गोळी साचत होती."

मी बाकावर बसले. रात्र तिथेच काढली.

सकाळी तिने डोळे उघडले तेव्हा मी भीतभीत विचारलं, "ओळखलंस का मला?"

"भित्रट कुठली," ती म्हणाली. "चहा घेतलास का?"

आता तिची गोळी बदलली आहे. डोकेदुखीचं औषध घ्यायचं असलं तरी मेडिकलवाल्याला ती आधी किडनीचं सांगते. पौर्णिमेला पांढरी साडी नेसते, विहारात जाते, पण संध्याकाळी जेवते. तसं डॉक्टरांनी बजावलंय. बारानंतर एकटीने ताटावर बसायला तिला अवघड वाटतं. म्हणून त्या दिवशी मी डबा नेत नाही. कारखान्यातून भुकेली येते आणि तिच्या शेजारी माझं ताट मांडते.