आधी शीड

खडकवासल्याच्या काठावर माझी शिडाची होडी दुरुस्त करणारा माणूस होडीला ‘बाईसाहेब’ म्हणतो आणि मला नुसतं ‘शेठ’. होडीवर ओरखडा दिसला की माझ्याकडे असा बघतो, जणू आता पोलिसांतच देणार आहे.

गेल्या महिन्यात वारा फिरला, होडी कलंडली आणि मी पाण्यात पडलो. तो पोहत आला आणि मला ओलांडून आधी शीड सोडवायला लागला.

“अरे, मालक मी आहे!”

“शेठ, तुमच्या अंगात जाकीट हाय. बाईसाहेबांना कोन हाय?”

हडपसरच्या बाजारात मी भल्याभल्यांना गप्प केलंय. इथे धरणात मात्र माझ्याच तोंडात पाणी होतं.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. होडी मात्र त्याच्याकडेच नेतो. फक्त, अबोल्यामुळे घासाघीस करता येत नाही.