टक् होण्याआधी

कमळाकाकीला एका जागी बसवणं भिवंडीच्या कामतघर गावात आजवर कुणाला जमलेलं नव्हतं. भात शिजेपर्यंत ती दोनदा अंगणात जाऊन यायची, टीव्हीवरची मालिका उभ्यानेच बघायची आणि लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतल्यावर वाढायला उठायची. अंजूरला खाडीच्या काठी वाढलेली बाई. पाणी ओसरलं की टोपली घेऊन पळायचं, ही लहानपणची सवय पन्नाशी उलटली तरी पायातून गेली नव्हती. नवरा पंढरी म्हणायचा, "हिच्या पायाला मोटर लावलेली हाय. स्टार्टर कुठं हाय ते तेवढं गावत न्हाय."

पण २००६च्या मार्चमधली तिची येरझार निराळी होती. लेक मनाली उरणकडच्या गावात दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक. सातव्यात ओटी भरून पोरीला आणायची, कारण आठव्यात तिला हलवत नाहीत. सातवा पाडव्याला सरत होता आणि मनालीच्या सासूने अजून "न्यायला या" असं म्हटलं नव्हतं. सासरहून शब्द आल्याशिवाय दारात जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही. वर पोर स्वतःच फोनवर सांगत होती, "आये, हितंच होऊ दे. डॉक्टर चांगला हाय. मी बरी हाय."

आता हे ती मनापासून म्हणते की कुणी म्हणायला लावतं, हे कसं कळावं? शब्दावरून कळत नाही, आवाजावरून कळतं. मनाली लहानपणी खोटं बोलली की तिचा आवाज सपाट व्हायचा, पाठ केलेली कविता म्हणतात तसा. पण हा आवाजच काकीपर्यंत पोचत नव्हता. दर रविवारी अकराच्या सुमाराला मनालीचा फोन यायचा आणि काकीने रिसीव्हर कानाला लावला की आत नुसती खरखर. कढईत ओली मासळी सोडल्यासारखी. सुरुवातीचा वेळ तर काकीच्या "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का गो?" यातच जायचा. मग त्या खरखरीतून चार शब्द वर यायचे, त्यातले दोन "बरी हाय" असायचे. फोन ठेवल्यावर काकी ओटीवर फेऱ्या घालायची.

पंढरीचं म्हणणं, लाईन उत्तम आहे. घराला लागून त्याची बारा लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड, तीस वर्षं त्याच खडखडाटात गेलेली. सूतवाल्याचा फोन आला की तो एका बाजूने ओरडायचा, दुसऱ्या बाजूने सूतवाला ओरडायचा, आणि व्यवहार व्हायचा. "मला तर साफ येतं," तो म्हणाला. काकीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो मागावरचे ताण्याचे धागे तपासायला शेडमध्ये निघून गेला. ज्याला शेजारी फुटलेला फटाका ऐकू येत नाही, तो टेलिफोनचा न्याय करणार.

काकीने टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार नोंदवली. लाईनमन केसरीनाथ आला. तो अंजूरचाच, म्हणजे काकीच्या माहेरचा. चार शब्दांत दोन विनोद करणारा, पण कामात चोख. त्याने भिंतीवरची चौकोनी डबी उघडली, तारा पुसल्या, आपला टेस्टचा फोन जोडला आणि ऐकलं. काकीला ऐकवलं. लाईन विहिरीच्या तळासारखी शांत. त्याने वहीत "टेस्ट ओके" लिहिलं, चहा घेतला आणि गेला. काकीला वाटलं, झालं काम. रविवारी पुन्हा खरखर.

पुन्हा तक्रार, पुन्हा केसरीनाथ, पुन्हा शांत लाईन. या खेपेला त्याने फोनच बदलून दिला. जाताना विचारलं, "काकी, वर माडीवर दुसरा फोन हाय का? पॅरलल?"

"न्हाय. का रं?"

"काही लोकांच्यात एकाच लाईनीवर दोन फोन असतात. एकावर बोलत असताना दुसरा कुणी उचलला की टक् होतं, आणि बोलणाऱ्याचा आवाज जरासा खाली जातो. लोक त्यालाच बिघाड समजून आम्हाला पळवतात."

"आमच्याकडं ऐकायला कोण बसलंय? हे तर समोरचं ऐकत न्हाईत," काकी म्हणाली. शेडच्या दारात उभ्या असलेल्या पंढरीला अर्थातच तेही ऐकू आलं नाही.

त्या रविवारी नव्या फोनवरही खरखर तीच राहिली. मनाली काहीतरी म्हणाली, मग "बरी हाय" म्हणाली. काकीला रडू आलं. ते तिने कुणाला दाखवलं नाही, पण त्या दिवशी तिच्या हातून आमटी खारट झाली आणि पंढरी न बोलता जेवला.

पाडवा दहा-अकरा दिवसांवर आला. काकीला आता घरात दुसरं काही सुचेना. झाडता झाडता ती रिसीव्हर उचलून बघायची. सकाळी खरखर, जेवणाआधी खरखर, जेवणानंतर खरखर. गुरुवारी दुपारी अशीच ती फोन कानाला लावून उभी होती आणि लाईट गेली. पंखा थांबला, शेजारच्या बारा लूम एकदम गप्प झाल्या, आणि कानातली खरखर कुणी सुरीने कापावी तशी तुटली. मागे राहिला तो फोनचा एकसुरी स्वच्छ सूर. काकी हलली नाही. तिला जागच्या जागी उभी असलेली पाहून शेडमधून बाहेर आलेला पंढरी घाबरला.

"काय झालं गो?"

"गप ऱ्हावा," काकी म्हणाली.

दोन तासांनी लाईट आली तेव्हा ती फोनपाशीच होती. शेडमध्ये एकेक स्टार्टर दाबला गेला तशी खरखर एकेक पायरी चढत गेली. मग तिला उमगलं. केसरीनाथची कामतघरची फेरी शुक्रवारी असायची, आणि शुक्रवारी भिवंडीतल्या लूम बंद. तो बिचारा दर खेपेला सुट्टीच्या दिवशी येऊन शांत लाईन तपासून गेला होता. मनालीचा फोन यायचा रविवारी, लूम भर जोरात असताना.

शनिवारी सकाळी तिने रिक्षा केली आणि ड्युटीवर निघालेल्या केसरीनाथला त्याच्या दारातच गाठलं.

"काकी, आज माझी फेरी दापोड्याला हाय."

"दापोड्याची गोदामं कुठं पळून न्हाय जात. चल."

तो आला. पंढरी सोय म्हणून लूम बंद करायला निघाला, तर काकी आडवी आली. "एक पन बंद करायची न्हाय. सगल्या चालू ऱ्हाऊ देत." केसरीनाथ खांबावर चढला, तिथल्या डब्यात टेस्टचा फोन लावला. तिथे लाईन स्वच्छ. खाली उतरून घरातल्या डबीवर लावला. खरखर. म्हणजे रोग खांब आणि घर यांच्या मधे. तो टेलिफोनच्या वायरीवर नजर ठेवून चालत निघाला आणि शेडच्या मागच्या भिंतीपाशी थांबला.

तिथे टेलिफोनची वायर लूमच्या मोटरच्या वायरीला बांधलेली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीत वीत अंतरावर, सुताच्या नेटक्या गाठी. अशी गाठ विणकराखेरीज कुणाला येत नाही. मधे एक जोडही होता, त्याच्यावरची चिंधी उन्हाने झडून तांबं उघडं पडलेलं.

"हे कुणी केलं?" केसरीनाथने विचारलं.

पंढरी कौतुकाने म्हणाला, "मीच. शेड वाढवली तवा. लोंबत व्हती, चांगली दिसत नव्हती."

काकीने नुसता पदर खोचला. तिच्या पदर खोचण्याला पंढरी तिच्या बोलण्यापेक्षा जास्त भ्यायचा. त्याने स्वतःच शिडी आणली आणि आपण मारलेल्या गाठी आपल्याच हाताने एकेक करून सोडल्या. केसरीनाथने पुढच्या अंगाने, पत्र्याच्या कडेने नवी वायर ओढली. बारा लूम खडखडत असताना काकीने रिसीव्हर कानाला लावला. आत स्वच्छ सूर. "आता मुंगी चालली तरी ऐकू येल," केसरीनाथ म्हणाला आणि चहा न घेता दापोड्याला पळाला.

रविवारी काकी साडेदहापासून फोनपाशी. अकराला घंटी वाजली. तिने उचलला, आणि सवयीचं "हॅलो, हॅलो" तोंडात येत होतं ते आवरलं. एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला फोन.

"आये, ऐक. मला घेऊन जा, मी हितं..."

टक्.

"...मी बरी हाय. तू कशी हायस? जेवन झालं?"

आवाज जरासा खाली गेला होता. आणि सपाट झाला होता, पाठ केलेल्या कवितेसारखा. त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. कुणाचा तरी श्वास, जिन्यावरून घाईने खाली आल्यासारखा.

काकीच्या लक्षात आलं. गेले कित्येक रविवार पोर आईने फोन उचलल्याबरोबर, सासरचा दुसरा फोन कुणी उचलायच्या आत, पहिल्या घासाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आईला हाक मारत होती. आणि तेवढाच वेळ आई हॅलो हॅलो ओरडून बुडवत होती. तिला स्वतःचा असा राग आला की एक पाय उंबऱ्याकडे निघालाच. पण फोनची वायर तेवढी लांब नव्हती. ती परत वळली आणि आयुष्यात क्वचित करायची ते तिने केलं. खुर्ची ओढून खाली बसली.

श्वासाला काय म्हणायचं? भांडावं, तर फोन ठेवल्यावर ते भांडण पोरीच्या वाट्याला येणार. ऐकलंच नाही असं दाखवावं, तर सातवा सरणार.

"विहीणबाय," ती शांतपणे म्हणाली, "तुमी पन हाव ना लाईनीवर? बरं झालं. एका फोनात दोघींशी बोलनं व्हतंय."

श्वास थांबला. मनालीचाही थांबला.

"आमची लाईन खराब व्हती. काल साफ झाली. आता तुमच्या पंख्याचा पन आवाज येतो. मी काय म्हनते, बुधवारी येते मी. ओटी भरून पोरीला घेऊन येते. तुमी हां म्हना म्हंजे मी निघाय मोकली."

इकडे भिंतीपलीकडे बारा लूम चालू होत्या, तिकडे कुठेतरी कोंबडं ओरडलं. काकीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. पाय उठायला बघत होते, पण ती उठली नाही. फोनमध्ये घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बुधवारी अवस हाय," विहीणबाय म्हणाली. "पाडव्याच्या आदल्या दिशी अवस असते, इसरलाव काय? मंगलवारी या. पाडवा पोर तिकडंच करू दे."

"मंगलवारी येते," काकी म्हणाली.

"दुपारचं जेवान हितंच करा."

"बरं."

टक् झालं. मनालीचा आवाज पुन्हा वर यायला हवा होता, पण ती बोलतच नव्हती. नाक ओढल्याचा आवाज आला, मग हुंदका. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "आये," एवढंच ती म्हणाली.

पंढरी दारातून डोकावून ओरडला, "खरखर हाय का गो अजून?"

काकीने हाताने त्याला नाही म्हणून सांगितलं. मग त्याच हाताने जवळ बोलावलं, आणि फोन त्याच्या कानाला लावला.

"काय बोलते ती?" पंढरी ओरडला. "मला काय ऐकू येत न्हाय."

"बोलत न्हाय," काकी म्हणाली. "रडते. मंगलवारी घरी येते."