काशी राहिली, वाळूक लागलं

सन २०२३. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा डावा पाय उजेडात धरला, तळव्याला टोकदार कायतरी लावलं आणि विचारलं, "टोचतंय का, बाबा?"

मी म्हणालो, "टोचा तर आधी."

ते म्हणाले, "टोचून झालं."

मग त्यांनी सांगितलं, ह्याला डायबेटिक फूट म्हणतात. साखरेनं पायाच्या नसा मरतात, त्याला न्यूरोपॅथी म्हणायचं. पाय दिसायला जिवंत, चालतोही, पण दुखणं कळवत नाही. घराची राखण करणारं कुत्रं भुंकायचं बंद व्हावं, तसं.

मी लोहा तालुक्यातला शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. साखर आधीपासून होती, पण गोळी मी मनाला येईल तेव्हा घ्यायचो. रानात चप्पल घालून फिरणं मला कमीपणाचं वाटायचं. त्या फाल्गुनात हरभऱ्याच्या रानातून आलो तर उंबऱ्यावर रक्त दिसलं. बघतो तर करंगळीच्या बुडाला बाभळीचा काटा मोडलेला. दुखत काहीच नव्हतं.

आमच्याकडं काटा मोडला की बिब्बा देतात. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, त्याचं तेल तडतडलं की काट्याच्या जागी दाबायचा. चटका बसून माणूस ओरडला की काम झालं. मी दाबला. चटका बसेना. वाटलं, बिब्बा जुना असंल. दुसरा घेतला, जास्त तापवला. तोही लागेना. मग तिसरा.

माझी बायको कौसा म्हणाली, "आवं, कातडं जळल्याचा वास येऊन राह्यला."

"बिब्ब्याचा हाय. तुला काय कळतंय?"

तिला कळलं होतं. मला पाय काळा पडल्यावर कळलं.

काशीला जायचं दहा दिवसांवर आलं होतं. गावातली चार जोडपी, नांदेडहून रेल्वे, तिकिटं काढलेली. कौसानं परळीच्या पुढं जग पाहिलेलं नव्हतं. तिनं दोन नवी लुगडी घडी घालून पिशवीत ठेवली होती. मी डॉक्टरांना म्हणालो, पट्टी बांधा, काशी करून येतो, मग काय कापायचं ते कापा. डॉक्टर हसले नाहीत. कौसाच म्हणाली, "काशी कुटं पळून चालली? पाय पळून चाललाय."

डेब्रिडमेंट केलं, म्हणजे सडलेलं मांस खरवडून काढलं. करंगळी गेली. डॉक्टर म्हणाले, "पाय वाचलाय, पण अजून आपला झालेला नाही. आता ऑफलोडिंग करायचं, म्हणजे जखम भरेपर्यंत ह्या पायावर वजन द्यायचं नाही. टेकवलात, तर पुढच्या वेळी घोट्यापासून काढावा लागेल."

रोज ड्रेसिंग लागणार होतं. गावात ते कोण करणार? लातूरला आमची लेक सुरेखा राहते. ती म्हणाली, माझ्याकडं चला. मी नाही म्हणालो. लेकीच्या घरी आमची माणसं एक रात्र वस्ती करतात, तीही अवघडून. दोन-दोन महिने पडून राहायचं म्हणजे काय?

"बाबा," सुरेखा म्हणाली, "तुमचा मान कुटं हाय, पायातच ना? मग तो तरी वाचवा."

गेलो. तिथं खरी पंचाईत झाली. कौसाचे हात थरथरतात. सुरेखाला रक्त बघवत नाही. राहिले जावई, प्रकाशराव. ते शाळेत मास्तर. तेव्हा शाळा सकाळची होती आणि पुढं उन्हाळी सुट्टी लागणार होती. नांदेडला नर्सबाईजवळ उभं राहून त्यांनी ड्रेसिंग शिकून घेतलं होतं. पहिल्या दिवशी ते हात धुऊन माझ्या पायाशी बसले, तसा मी पाय ओढून घेतला. ह्या माणसाचे पाय मी लग्नात ताटात घेऊन धुतले होते. त्यानं माझा सडका पाय मांडीवर घ्यायचा?

"पाहुणे, ऱ्हाऊ द्या."

"मामा, लग्नात मी पाय ओढला होता का? गुमान बसलो होतो की नाही? तुम्हीबी बसा."

बसलो. पण मी तोंड भिंतीकडं केलं. रोज ते धुवायचे, पुसायचे, बांधायचे आणि मी भिंत बघायचो. जखम कशी दिसते ते मला ठाऊकच नव्हतं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्यावर ही पाळी आली असंल त्यांना सांगतो, दुखणं सोसवतं. नुसतं बसणं सोसवत नाही. अंगणात चार कुंड्या होत्या, माती दगडासारखी झालेली, एक मोगरा मरायला टेकलेला. एक दिवस कौसानं पदराची गाठ सोडली आणि गावाकडचं वाळकाचं, म्हणजे आमच्या गावरान काकडीचं, बी माझ्या हातावर ठेवलं.

मी खुर्चीवर, पाय स्टुलावर, आणि मास्तर मातीत. त्यांनी बोटभर खोल भोक पाडलं.

"पाहुणे, बी पेरायलाव का पुरायलाव?"

"मग सांगा ना! पण खुर्चीवरून."

शेणखत आणलं, माती मोकळी केली. लातूरचा नळ रोज येत नाही, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी कौसा बादलीत साठवायची. ते मी मगानं बसल्या जागेवरून घालायचो. वेल निघाला, सुतळीवर चढला. मोगऱ्यालाही पालवी फुटली. सकाळी डोळा उघडला की आता मला पायाच्या आधी वेल आठवायला लागला.

एका सकाळी वेलाचा शेंडा आकसलेला दिसला. मावा, पानांचा रस शोषणारी कीड! मी खुर्चीतून उठलोच. पट्टीचा पाय फरशीला लागणार, तेवढ्यात मास्तर दारातून ओरडले, "मामा! पाय!"

माझ्यावर असं आवाज चढवून आजवर कोणी बोललेलं नाही. मी मटकन खाली बसलो. वर्गातल्या पोरासारखा.

त्यांनी जवळ येऊन माझा पाय परत स्टुलावर ठेवला. मग विचारलं, "मावा कुठं असतो?"

"पानाच्या खालच्या अंगाला. वरून पान हिरवंगार दिसतंय. रोज उलटून बघावं लागतंय."

ते आत गेले, दाढीचा आरसा घेऊन आले. पट्टी सोडली आणि आरसा माझ्या तळव्याखाली धरला. "ही बाजू मग कोण बघणार?"

तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. जखम होती चांगली रुपयाएवढी. पण तळ लाल होता, कडेनं नवं कातडं येत होतं. मास्तर म्हणाले, "आणली तेव्हा माझी मूठ बसंल एवढी होती." हे त्यांनी एकट्यानं रोज बघितलं होतं. त्या दिवसापासून मी भिंतीकडं तोंड केलं नाही.

काशी करून आलेल्या मंडळींनी फोनवर तिथं काढलेली गंगा दाखवली. मी त्यांना वेल दाखवला. पलीकडून आमचा गावकरी म्हणाला, "काय लेका, आम्ही गंगा दावायलो आन् तू वाळूक दावतूस!" कौसा तोंडाला पदर लावून हसली. तिची लुगडी अजून पिशवीतच होती, पण ती हसली.

बुडाजवळ पहिलं वाळूक धरलं. मास्तर रोज त्याच्याभोवती घिरट्या घालायचे. मी सांगून ठेवलं, पहिलं फळ बेण्याचं. ते वेलावरच पिकवायचं आणि बी ठेवायचं. आमच्या घरात ते कधीच कुणी खाल्लं नाही.

उन्हाळा सरता सरता नांदेडला गेलो. डॉक्टरांनी तळवा दाबून बघितला. म्हणाले, "जखम भरली. आता पाय तुमचा. मऊ तळाची चप्पल घरातसुद्धा घालायची, तळवा रोज बघायचा. दिवाळीनंतर काशीला जा." कौसानं तिथंच डॉक्टरांना हात जोडले. मी मास्तरांकडं बघितलं. गाडीत लातूरपर्यंत पावसापाण्याचंच बोललो.

साखर असंल त्यांनी बिब्बा देऊ नये, अनवाणी फिरू नये आणि चटका बसला नाही म्हणून आनंद मानू नये. मला एवढंच सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशात तळवा बघितला, नवी चप्पल घातली आणि स्वतःच्या पायानं अंगणात गेलो. बेण्याचं वाळूक तोडलं. विळीवर चार फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं आणि मास्तर उठून बाहेर आले तसं ताट त्यांच्यापुढं धरलं.

"मामा, हे बेण्याचं ना?"

"खावा."