गाडी पुलापलीकडे न्या

ओलांदिना चर्चच्या आवारातल्या तंबूतून निघाली, तेव्हा तिची लेक झुल्मिरा वाट अडवून उभी राहिली.

"आई, ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच शेजारी जाऊन राहणार?"

"घर जळलं, भट्टी नाही जळली," असं म्हणत ओलांदिनाने पिठाचं पोतं हातगाडीवर टाकलं.

पूर्व तिमोरची राजधानी दिली इथे, कोमोरो नदीकाठच्या गल्लीत ती पाव भाजायची. इंडोनेशियाचं राज्य होतं तेव्हाही आणि देश आपला झाला तेव्हाही. जन्म मात्र पूर्वेकडच्या लागा गावचा. देश जेमतेम चार वर्षांचा होतोय तोच सैन्यात पूर्वेकडचे-पश्चिमेकडचे अशी फूट पडली आणि बघता बघता ती गल्लीबोळांत उतरली. एका दुपारी ओलांदिनाच्या घरावर पेट्रोल पडलं. ओतणारी पोरं पश्चिमेकडची, तिचेच पाव खाऊन वाढलेली.

मग चार देशांचं सैन्य शांतता राखायला आलं. ओलांदिना परतली तशी तिच्या दारात मलेशियाची चिलखती गाडी येऊन उभी राहिली. गाडीवरचा हवालदार रोस्लान. त्याची भाषा इंडोनेशियनच्या जवळची, त्यामुळे दुभाष्या लागला नाही.

तिने काळ्या भिंतींवर ताडपत्री ताणली, भट्टी पेटवली. पावाचा वास गल्लीभर गेला, पण गिऱ्हाईक एकही फिरकलं नाही.

"मावशी, पाव झकास!" रोस्लान म्हणाला.

"तुम्हीच तेवढे खाताय, त्याचंच तर रडू येतंय."

एका सकाळी समोरच्या अदेलिनोची बायको ब्रिजिदा टोपली घेऊन आपल्या दारात आली, गाडीवरच्या बंदुकीकडे बघितलं आणि तशीच परत आत गेली. ओलांदिनाने हात पुसले आणि सरळ रोस्लानपुढे जाऊन उभी राहिली.

"गाडी पुलापलीकडे न्या."

"वरून हुकूम आहे, मावशी. आम्ही हललो की दगड येतील."

"येऊ देत. तुम्ही आज ना उद्या आपल्या घरी जाल. दगड मारणारे इथेच राहणार आणि मीही. बंदुकीसमोर माझ्याशी कोण बोलेल?"

रोस्लानचा साहेब आला. "आणि काही झालं तर?"

"ओरडेन. माझा आवाज पुलापर्यंत जातो, गल्लीत कोणालाही विचारा."

साहेबाला हसू आलं. गाडी हलली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला दगड आले. एक ताडपत्रीवर, दुसऱ्याने पीठ मळायची परात चेपली. ओलांदिना ओरडली नाही. दगड उचलून तडक अदेलिनोच्या अंगणात गेली.

"हा तुझ्या अंगणातून आला."

"पोरं असतील."

"तुझीच. आणि तुझ्या डुकरांच्या डोक्यावर पत्रे माझ्या छपराचे. माझ्या नवऱ्याने रंगवलेले."

अदेलिनो उसळला. "पत्र्यांचं सांगतेस? तुमच्या पूर्वेकडच्यांनी माझ्या भाच्याला गोळी घातली, त्याचं काय?"

ओलांदिनाने दगड पायरीवर ठेवला. "कोणाला? जुवेनालला?"

"त्यालाच."

"मला कोणी सांगितलं नाही रे."

"सांगणार कोण? तुझ्या दारात ते धूड उभं होतं!"

ब्रिजिदा दारात रडत होती. ओलांदिना तिचा हात धरून बसून राहिली. गोड पावासाठी भट्टीशी घुटमळणारा जुवेनाल दोघींच्या डोळ्यांपुढे होता.

दुसऱ्या दिवशी दोघी मेणबत्त्या आणि फुलं घेऊन कबरीवर जाऊन आल्या. त्या परतल्यावर अदेलिनो हळूच म्हणाला, "आता पत्र्यांचं काय?"

"पत्रे मला हवेतच. दुःख वेगळं, पत्रे वेगळे."

रविवारची प्रार्थना उरकून त्याची पोरं पत्रे घेऊन आली. खिळे इतके वेडेवाकडे ठोकले की घर तीन ठिकाणी गळायचं. पुढे एकदा दगड आले, तेव्हा ओलांदिनाआधी ब्रिजिदाच कंबर कसून बाहेर आली आणि पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाताळला झुल्मिरा तंबू सोडून घरी राहायला आली.

गल्लीच्या टोकाचं एक घर मात्र अजून पाव घेत नाही. ओलांदिना रोज सकाळी त्या दाराशी थांबते, "पाव!" अशी हाक देते आणि टोपली सावरून पुढे जाते.